काळ्या रानात मेटल डिटेक्टरची खोली: सेटिंग तपासून कशी ठरवायची

प्रश्न थोडक्यात असा. मंगळवेढ्याजवळच्या रानात खुरपणीच्या वेळी पडलेला दागिना, म्हणजे मंगळसूत्र, शोधायचा आहे, आणि जमलं तर जुन्या पाइपलाइनचे बुजलेले व्हॉल्व्हही. मशीन एका फ्रिक्वेन्सीचं, कॉईल (जमिनीवरून फिरवायची तबकडी) २८ सेंमीची डीडी, म्हणजे आत दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली. हवेत पाच रुपयांचं नाणं २८-३० सेंमीवरून स्वच्छ ऐकू येतं, पण जमिनीत १०-१२ सेंमीखाली गेलं की मशीन गप्प. सेन्सिटिव्हिटी (संकेत किती वाढवून ऐकायचा ते सेटिंग) शेवटच्या आकड्यावर नेऊनही फरक पडत नाही. सांगोल्याकडच्या मुरमाड माळावर तर ते सतत कुरकुरतं. खोली मिळावी म्हणून कोणतं सेटिंग ठेवावं?

सेन्सिटिव्हिटी आधी खाली घ्या. उपाय उलटा वाटेल, पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात बहुतेक वेळा खोली तिथेच अडकलेली असते. नेमका आकडा मात्र दुसऱ्या कुणाच्या मशीनवरून उचलता येत नाही. तुमच्या मातीत, माहीत असलेल्या खोलीवर माहीत असलेली वस्तू ठेवून तो काढावा लागतो. ती रीत खाली देतो.

सोलापूर जिल्हा जवळजवळ सगळा दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकावर, बसला आहे. काळी माती काय, मुरूम काय, दोन्ही याच खडकाची झीज, आणि या खडकात मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं लोहखनिज, असतं. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या मातीत किंवा ओढ्याच्या वाळूत फिरवा, पिशवीला काळी भुकटी चिकटेल. कॉईलखाली हीच भुकटी पोत्यांनी असते. तिचा एकत्रित संकेत खोलवरच्या नाण्याच्या संकेतापेक्षा शेकडो पटीनं मोठा असू शकतो. हवेतल्या चाचणीत हा भाग अजिबात नसतो. त्यामुळे हवेतला आकडा मशीन चालू आहे एवढंच सांगतो, रानातल्या खोलीबद्दल काही सांगत नाही.

सेन्सिटिव्हिटी वाढवून फार हाती का लागत नाही, याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. कॉईलचं चुंबकीय क्षेत्र वस्तूपर्यंत जाताना विरतं आणि वस्तूचा प्रतिसाद परत येताना पुन्हा विरतो. कॉईलच्या आकारापेक्षा बरंच लांब गेल्यावर हा संकेत अंतराच्या सहाव्या घातानं घटतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं तर संकेत चौसष्टावा हिस्सा. त्याच हिशेबानं २८ सेंमीच्या कॉईलनं १५ सेंमीवर असलेली पकड, संकेत दुप्पट वाढवूनही, जेमतेम तीन सेंमीनं पुढे सरकते. त्याच वेळी मातीचा आवाजही दुप्पट होतो. माती कमी खनिजाची, सौम्य असो वा सोलापूरसारखी तापट, हा नियम तोच. फरक एवढाच की आपल्याकडे मातीचा संकेत आधीच इतका मोठा असतो की सेन्सिटिव्हिटी टोकाला नेली की मशीनचा पहिलाच टप्पा (संकेत मोठा करणारा भाग) भरून जातो आणि नाण्याचा बारीक चढउतार त्यात दिसेनासा होतो.

चाचणीची जागा

नाणं खड्ड्यात टाकून वर माती लोटली आणि कॉईल फिरवली, तर निकाल फसवा येतो. उकरलेली माती पोकळ असते आणि बेसॉल्टी मातीत पोकळीचाही संकेत येतो, कारण तिथे अचानक माती कमी होते. काळ्या मातीत तर भरलेला खड्डा पूर्ववत बसायला एक पावसाळा जावा लागतो. म्हणून वरची माती न हलवता वस्तू आत सरकवायची.

बांधाजवळ सुमारे दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल चर घ्या. चराची रानाकडची भिंत उभी तासा. पृष्ठभागापासून मोजून १०, १५, २०, २५ आणि ३० सेंमी खोलीवर, एकमेकांपासून ४० सेंमी अंतर ठेवून, पहारीनं आडवी भोकं पाडा. प्रत्येक भोक ७० सेंमी आत गेलं पाहिजे. पहारीवर पाणसळ ठेवून ती सपाट आहे ना, हे वारंवार पाहा, नाहीतर १५ सेंमीचं भोक आत जाऊन १९ चं होतं. वाफसा असताना काळी माती सहज ऐकते. मुरमात छिन्नी लागते, आणि आदल्या संध्याकाळी पाणी सोडून ठेवलं तर काम हलकं होतं. भोकात ४० मिमीची पीव्हीसी नळी घट्ट बसवा. मग दोन सेंमी रुंदीची लाकडी पट्टी घ्या, खिळा नसलेली, टोकाला नाणं चिकटपट्टीनं आडवं लावा आणि पट्टी नळीत सरकवा. चराच्या काठापासून ७० सेंमीवर जमिनीवर सुतळी ताणली की नाणं नेमकं कुठे आहे ते वरून कळतं. कॉईल सुतळीच्या रेषेत, चराला समांतरच फिरवा. काठाकडे झोका गेला तर मातीच संपते आणि मशीन ओरडतं. जनावरं फिरत असतील तर काम नसताना चरावर फळ्या टाकून ठेवा.

चर घेण्याआधी ती जागा कॉईलनं पूर्ण तपासून खिळे, तारा, बैलाच्या पत्रीचे तुकडे वेचून काढा. बोअरच्या केसिंगपासून, तारेच्या कुंपणापासून आणि विजेच्या खांबापासून जितकं दूर जाता येईल तितकं बरं. जुनी चूल, वीटभट्टी किंवा पाचट जाळलेली जागा टाळा. भाजलेल्या मातीतले लोहखनिज जास्त चुंबकीय होतं, विटेचा तुकडासुद्धा धातूसारखा वाजतो.

वस्तू निवडतानाच पुष्कळांची फसगत होते. हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत, मशीन त्यांना लोखंडाच्या जवळ धरतं. २०११ च्या मालिकेतलं पितळी रंगाचं पाच रुपयांचं नाणं घ्या, व्यास २३ मिमी. तांब्यासाठी तांबटाकडून तेवढ्याच व्यासाची चकती कापून घ्या. सोनं पुरू नका. पितळेची बंद अंगठी चाचणीपुरती चालते. अंगठी बंदच हवी, कारण सांधा उघडा असेल तर कडीतला प्रवाह तुटतो आणि संकेत फार पडतो. साखळीचं तेच. बारीक साखळीची प्रत्येक कडी मशीनला वेगळी दिसते, म्हणून नाजूक साखळी काही सेंमीवरच हरवते. मंगळसूत्र शोधताना मशीनला काळे मणी आणि सर ऐकू येत नाहीत, ऐकू येतात त्या वाट्या. म्हणून त्या आकाराच्या पातळ पितळी वाट्या पट्टीवर लावून वेगळी चाचणी घ्या. हरवलेला दागिना काय होता, त्यावर तुमची सगळी सेटिंगं ठरतील.

एका वेळी एकच बटण

सुरुवात नेहमी रिकाम्या नळीपासून. नळी रिकामी असताना जो आवाज येतो तो पोकळीचा. तो वहीत लिहा आणि नाण्याच्या आवाजातून मनात वजा करा. मग प्रत्येक सेटिंगला दहा झोके, आणि त्यांतले आठ तरी एकाच जागी, सारखेच वाजले तर ती खोली पकडली असं माना. एकदाच वाजलेला सुरेख आवाज धरू नका. शक्य असेल तर नाणं कोणत्या नळीत आहे, किंवा आहे की नाही, हे दुसऱ्यानं ठरवावं आणि झोके घेणाऱ्याला सांगू नये. माहीत असलेल्या जागेवर कान हवा तो आवाज ऐकतातच. रिकाम्या नळीवर किती वेळा "आहे" म्हटलं गेलं, तेही लिहा. जे सेटिंग २० सेंमीवर नाणं दाखवतं आणि रिकाम्या जागी तितकंच ओरडतं, ते कामाचं नाही.

पहिलं काम बाहेरचा विद्युत गोंगाट काढण्याचं. कॉईल हवेत स्थिर धरून नॉइज कॅन्सल चालवा किंवा फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा. मोबाइल फ्लाइट मोडवर. रानात दोन गोष्टी हमखास नडतात: एक डीपी आणि तीन फेजवर चालू असलेली मोटर, दुसरी डुकरांसाठी लावलेली झटका मशीन. झटका मशीनची खूण सोपी, साधारण दर सेकंदाला ठरावीक टक येतो. ती बंद करूनच चाचणी घ्या. शेतीच्या फीडरला वीज नसते त्या तासांत मशीन कितीतरी शांत होतं, त्या वेळेचा फायदा घ्या. शहरात यंत्रमागांच्या वस्तीत किंवा एमआयडीसीलगत घेतलेली चाचणी तर रानासाठी निरुपयोगी आहे.

दुसरं काम ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीननं मातीचा संकेत वगळावा म्हणून करायची जुळवणी, आणि आपल्या मातीत सगळ्यांत जास्त खोली इथे मिळते किंवा जाते. धातू नसलेली दोन हात जागा शोधा. कॉईल जमिनीला समांतर ठेवून ३० सेंमीपासून दोन-तीन सेंमीपर्यंत सावकाश खालीवर करा. बटण दाबून मशीनला स्वतः जुळवू द्या, नंतर हातानं नेमकेपणा आणा. खाली नेताना आवाज वाढतो किंवा दबतो, तोवर मशीन माती ऐकतंय. आकडा कोणत्या दिशेला फिरवायचा ते कंपनीनुसार बदलतं, माहितीपुस्तिका पाहा. खाली नेताना अगदी पुसट, ऐकू येईल न येईल असा वाढता आवाज राहिला तर उत्तम. दबता आवाज ठेवू नका, त्यात खोलवरचं नाणंही दबतं. ० ते ९९ ची मोजपट्टी असलेल्या मशीनवर मॅग्नेटाइटची माती वरच्या टोकाकडे आणि ओली खारवट जमीन खालच्या टोकाकडे जुळते. म्हणूनच पंढरपूर, माळशिरसच्या कालव्याखालच्या चोपण रानात जुळवलेला आकडा सांगोल्याच्या माळावर नेला की मशीन कुरकुरायला लागतं. एकाच शेतात काळी संपून मुरूम उघडा पडतो तिथेही पुन्हा जुळवा. मशीन आपोआप मातीचा माग काढत बॅलन्स बदलणारं असेल तर चाचणीपुरतं ते बंद ठेवा. एकाच नाण्यावर वारंवार झोके घेतले की ते नाण्यालाच माती समजून पुसायला लागतं.

मग सेन्सिटिव्हिटी. ६० टक्क्यांवर सुरू करा, नाणं १५ सेंमीच्या नळीत. दहापैकी किती वेळा वाजलं आणि रिकाम्या नळीवर किती वेळा खोटं वाजलं, लिहा. १० टक्क्यांनी वाढवत टोकाला जा, तिथून परत उतरत ५० पर्यंत या. खनिज जास्त असलेल्या मातीत निकाल आधी सुधारतो, एका आकड्यावर टिकतो आणि पुढे घसरतो. टोकाच्या आधीचा तो टिकलेला आकडा तुमचा. दोन आकडे सारखे निघाले तर कमी असलेला निवडा, कारण उन्हात आणि मोकळ्या रानात गोंगाट वाढतो, कमी होत नाही.

थ्रेशोल्ड (मागे सतत चालणारा आवाज) असेल तर डासाच्या गुणगुणीइतका पुसट ठेवा आणि हेडफोन लावा. माळावर वारा असतो, स्पीकरवर खोलवरचा बारीक चढ ऐकूच येत नाही.

डिस्क्रिमिनेशनबद्दल (नको त्या धातूंचा आवाज बंद करणाऱ्या सेटिंगबद्दल) ठाम मत आहे: खोलीची चाचणी सगळं उघडं ठेवून, ऑल मेटल मोडवर घ्या. बेसॉल्टी मातीत वस्तू जसजशी खोल जाते तसतसा मातीचा संकेत तिच्यात मिसळतो आणि टार्गेट आयडी (कोणता धातू ते सुचवणारा पडद्यावरचा आकडा) लोखंडाकडे सरकतो. १० सेंमीवर स्वच्छ आकडा देणारं पितळी नाणं १८ सेंमीवर लोखंडाचा आकडा देऊ शकतं. लोखंड बंद केलेलं असेल तर मशीन त्या नाण्यावर गप्प बसतं, आणि मालक समजतो की खोली पुरत नाही. तुमच्या १०-१२ सेंमीच्या मर्यादेमागे सेन्सिटिव्हिटीबरोबर हेच कारण असण्याचा संभव दांडगा आहे. प्रत्येक नळीवर आयडी लिहून ठेवा. किती खोलीपासून आकडा ढळतो ते कळलं की रानात कोणता "लोखंडी" आवाज उकरायचा, हे ठरवता येतं. दोन्ही दिशांनी झोका घेऊन जो आवाज एकाच जागी मऊ आणि गोल येतो, तो आकडा न पाहता उकरा. खिळा एका दिशेनं वाजतो आणि दुसऱ्या दिशेनं तुटतो.

रिकव्हरी स्पीड (एका संकेतानंतर मशीन पुढचा ऐकायला किती लवकर तयार होतं ते) संथ ठेवली की खोली वाढते असं सर्रास सांगतात. सौम्य, स्वच्छ मातीत ते खरं आहे. आपल्याकडे संथ सेटिंगमध्ये मशीन मातीचाही लांब तुकडा एका वेळी ऐकतं, म्हणून मधलं सेटिंग अनेकदा सरस निघतं. तीन पायऱ्यांवर तपासा: संथ, मध्यम, जलद. मग नाण्यापासून १० सेंमीवर वरच्या मातीत तीन इंची खिळा दाबून पुन्हा तेच करा, निकाल पुष्कळ बदलेल. गावालगतच्या रानात खिळे असतातच. झोक्याचा वेग रिकव्हरीशी जुळवा. एक मीटरचा झोका एक ते दीड सेकंदात, ही सुरुवात.

फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर तांबं-चांदीच्या जाड वस्तूला ४ ते ८ किलोहर्ट्झ, पातळ सोन्याला १५ च्या वरची बरी. तुमच्या वाट्यांसाठी वरची बाजू आधी तपासा.

कॉईलची उंची

बटणांवर तासभर घालवून मिळालेली खोली कॉईल उंच धरल्यानं एका झटक्यात जाते. नाणं १५ सेंमीवर असताना २८ सेंमीची कॉईल जमिनीला चिकटून न चालवता पाच सेंमी वर चालवली, तर संकेत सुमारे एक तृतीयांश उरतो. कोणत्याही सेटिंगनं ही तूट भरून निघत नाही. नांगरलेल्या रानात ढेकळांवर, ज्वारीच्या धसकटांवर कॉईल आपोआप उचलली जाते. आधी कुळव फिरवून फळी मारून घ्या, धसकटं उपटा, मग शोधा. दागिना हरवल्यावर मात्र आधी खोल नांगरट करू नका. वर असलेली वस्तू ती खाली घालते.

कॉईल मोठी घेतली की खोली वाढेल, ही समजूत घागरीएवढ्या वस्तूला लागू पडते. नाण्याला किंवा वाटीला नाही, निदान या मातीत नाही: मोठी कॉईल तितकीच जास्त माती ऐकते. २३ सेंमीची लहान कॉईल काळ्या रानात २८ च्या बरोबरीनं चालते असं नळ्यांवर दिसलं, तर नवल वाटून घेऊ नका. तुमच्या व्हॉल्व्हसाठी गोष्ट वेगळी. लोखंडाचा मोठा गोळा ४०-५० सेंमीवरही जोरात वाजतो, तिथे मोठी कॉईल घ्या आणि पडद्यावरच्या खोलीच्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा नाण्याएवढी वस्तू धरून काढलेला असतो, मोठी वस्तू तो नेहमी वर दाखवतो.

हंगाम आणि ऊन

चाचणी वाफशाला घ्या. चिखल असताना, विशेषतः खारवट रानात, माती वीज वाहते आणि तिचा वेगळा संकेत येतो. मे महिन्यात काळी माती हातहात भेगाळते, भेगेवरून कॉईल गेली की पोकळीचा खोटा आवाज येतो. तेव्हाच शोधणं भाग असेल तर भेगेच्या रेषेत झोका घ्या, आडवा नको. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात काळी कॉईल तापते आणि बॅलन्स सरकतो. सकाळी सातच्या आत सुरू करा, थांबलात की कॉईल सावलीत ठेवा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा जुळवा. दिवसाच्या शेवटी पहिलंच सेटिंग परत लावून पहिल्याच नळीवर दहा झोके घ्या. निकाल सकाळशी जुळला नाही तर मधले सगळे आकडे संशयास्पद धरा. मशीन तापलं, बॅटरी उतरली किंवा माती वाळली.

हे सगळं नीट जमलं तर एका फ्रिक्वेन्सीच्या चांगल्या मशीननं खोल काळ्या मातीत पाच रुपयांचं नाणं साधारण १५ ते १८ सेंमीवर विश्वासानं ऐकू यावं. माळाच्या मुरमात त्याहून कमी. सोनं दहा-दहा मीटरवरून दाखवतो म्हणून अँटेनावाली यंत्रं विकतात, त्यांवर एक रुपयाही घालवू नका. वर दिलेलं घाताचं गणित त्यांनाही चुकत नाही. विक्रेत्याला तुमच्या चरावर बोलवा आणि नाणं कोणत्या नळीत आहे ते ओळखायला सांगा.

कायद्याची बाजूही पाळायलाच हवी. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, स्वतःच्या रानात सापडली तरीही. भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे. तिथे चाचणीसाठीसुद्धा मशीन नेऊ नका.

आता पैसे घालण्याचा प्रश्न. ग्राउंड बॅलन्स, सेन्सिटिव्हिटी, उघडं डिस्क्रिमिनेशन आणि चिकटून चालणारी कॉईल, एवढं करूनही नाणं १२ सेंमीपुढे ऐकू येत नसेल, तर दुसरी कॉईल घेण्याऐवजी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन कुणाचं तरी आणून त्याच नळ्यांवर चालवून पाहा. अनेक फ्रिक्वेन्सींच्या तुलनेतून ते माती आणि धातू जास्त चांगले वेगळे करतं. पल्स इंडक्शन (ठोक्याठोक्यानं चुंबकीय लहर सोडून मग ऐकणारं मशीन) मॅग्नेटाइटची फारशी पर्वा करत नाही आणि खोल जातं, पण ते लोखंड वेगळं ओळखत नाही, म्हणून खिळ्यांच्या रानात उकरून हात दुखतात. शिवाय झिजलेल्या मातीतले अतिसूक्ष्म चुंबकीय कण त्यालाही त्रास देतात. तो कमी करायला पल्स डिले (लहर सोडल्यापासून ऐकायला लागेपर्यंतचा वेळ) वाढवावा, तर पातळ सोन्याचा संकेत त्याआधीच विझलेला असतो. तुमच्या वाट्या पातळ आहेत, म्हणून पल्स इंडक्शन घेण्याआधी त्या पितळी वाट्या १५ च्या नळीत घालून, सगळ्यांत कमी डिलेपासून एकेक पायरी वाढवत, त्या कुठे गप्प होतात ते आधी पाहून घ्या.